एका सुपारीएवढा वेळ

आक्का, तालमीतल्या जुन्या-नव्या पैलवानांनो, गल्लीतल्या मंडळींनो, आणि ड्युटी बदलून आलेल्या माझ्या डेपोतल्या मैत्रिणींनो, सगळ्यांना नमस्कार करते.

मला बोलायला उभं केलंय खरं, पण भाषणाची मला सवय नाही. पंधरा वर्षं झाली, मी एसटीत कंडक्टर आहे. तासगाव-सांगली रोजचा रूट. "पुढं सरका, पुढं सरका" म्हणताना आवाज कसा खणखणीत निघतो. आज माइक हातात आहे, तर कुठून सुरू करू ते कळत नाही. सांभाळून घ्या.

आप्पा वस्ताद जाऊन आज आठ दिवस झाले. गेल्या शनिवारी सकाळी इथंच, तालमीच्या या मातीच्या हौद्याच्या कडेला बसल्या बसल्या गेले. त्यांच्या कुस्त्या, त्यांचे पठ्ठे, त्यांनी मारलेली मैदानं, सगळं आत्ता पैलवानांनी सांगितलं. मला कुस्तीतलं काही कळत नाही. मी बोलणार आहे माझ्या मुलीबद्दल. ती तिथं बसलीय, खांबाला टेकून. सानिका. पंधरा वर्षांची आहे. सानिका, तुझ्या मागं मुदगल ठेवलेत, उठताना बघ.

बघा, शोकसभेतसुद्धा माझं हे चालूच असतं. स्वभाव. बसमध्ये मी माणसं दोनदा मोजते, आणि घरी पोरगी एकच असून तिला दहादा मोजते. तिचे पप्पा मिलिटरीत, लांब सीमेवर. एक जीव तिकडं टांगलेला, म्हणून दुसरा मी घट्ट धरून ठेवलेला.

सानिका बॅले शिकते. माहीत नसेल त्यांना सांगते, पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून करायचा नाच. सांगलीत एक मॅडम शिकवतात. सुट्टीत पोरगी माझ्याबरोबर बसमध्ये फिरायची, तेव्हा स्टॉपवरून त्यांच्या क्लासची खिडकी दिसायची. एक दिवस म्हणाली, "मम्मी, मला तिथं जायचंय." म्हटलं जा. कुठं बिघडतंय? आठ वर्षांची होती तेव्हा. मला काय माहीत, ही त्यातच जीव घालणार आहे.

गेल्या द्राक्षाच्या हंगामात उडी मारून खाली येताना पाय वाकडा पडला. तळपायातलं हाड मोडलं. मिरजेत प्लास्टर घातलं. कोरेगावहून सासूबाई बघायला आल्या. म्हणाल्या, "आगं, देवानंच सांगितलं बघ, आता पुरं म्हणून." मी चहा ठेवायला उठले. पण माझ्या मनातलंच बोलल्या होत्या त्या.

प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू घ्यायचं. तिसऱ्या दिवशी मी ड्युटीवरून घरी आले, तर ही ओट्याला धरून उभी. नाचाच्या त्या गुलाबी बुटांत. बोटांच्या टोकावर. अंग घामानं थबथबलेलं, ओठ दाताखाली. दुखत होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. विचारलं, "दुखतंय?" म्हणाली, "नाही." मला त्या "नाही"ची इतकी भीती वाटली, काय सांगू.

मग मी एक गोष्ट केली. ती जरा थांबून सांगते.

मिरजेच्या व्यायामवाल्या बाईंनी कागदावर सगळं लिहून दिलं होतं. त्यात होतं, मऊ जमिनीवर अनवाणी चालवा. आता तासगावात मऊ जमीन कुठली? डेपोत डांबर, घरात फरशी, शेतात ढेकळं. शेजारणीनं सांगितलं, तालमीची माती बघ. ताक, तेल, हळद घालून मळलेली. लोण्यासारखी आहे.

मी इथं दारात येऊन उभी राहिले. आप्पा कट्ट्यावर सुपारी कातरत होते. म्हटलं, "आप्पा, पोरीला थोडं चालू द्याल का मातीत?" पोरगी तालमीत नको, असं काही जण म्हणाले होते. इथंच बसलेत, मी नाव घेत नाही. आप्पांनी कागद मागितला, चष्मा लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मला वाटलं, आता तेल मागवतील, पाय रगडतील. तर म्हणाले, "हाडाला मी हात लावायचा न्हाई. ते डॉक्टरचं काम. माझं काम येवडंच, हितं ल्ह्यालंय त्याच्या फुडं पोरीला जाऊ द्यायचं न्हाई."

दुपारी तालीम रिकामी असते. तेव्हा आम्ही यायचो. पहिले पंधरा दिवस नुसतं चालणं. मग एका पायावर उभं राहणं. सानिकानं विचारलं, "आप्पा, किती सेकंद?" आप्पा म्हणाले, "मला सेकंदबिकंद कळत न्हाईत. एक सुपारी." अडकित्ता घ्यायचे आणि कातरायला लागायचे. बारीक, पातळ, एकेक काप. सुपारी संपली की पाय खाली. आप्पांचा हात किती सावकाश चालायचा, पैलवानांनो, तुम्हाला माहीत आहे. तुम्हीसुद्धा त्या सुपारीवर बैठका मारल्यात.

आणि एकच अट होती. "दुखलं की 'थांबा' म्हणायचं. दुखनं लपवलंस तर उद्यापासनं येऊ नगंस."

एकदा अर्ध्या सुपारीवर सानिका म्हणाली, "आप्पा, थांबा." डोळ्यात पाणी होतं तिच्या. हरल्यासारखं वाटलं असेल. आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. म्हणाले, "आज तू लय मोठी कुस्ती केलीस." मी इथं, याच खांबाआड, पदर तोंडात धरून उभी होते. मला ती सुपारी कधी बघवली नाही. कट कट ऐकू यायचं, मी डोळे मिटून घ्यायची.

आता ती गोष्ट. सानिका, हे तुला आधी घरी सांगायला हवं होतं. जमलं नाही. इथं सांगते.

तुझे बूट बसमध्ये हरवले नव्हते. मी लपवले होते.

डेपोतल्या बायांनो, तुमचीही माफी मागते. माझ्या सांगण्यावरून तुम्ही दोन दिवस सगळ्या गाड्यांच्या सीटांखाली वाकून बघितलं. जिच्या गाडीत कधी कुणाची छत्री हरवली नाही, ती पोरीचे बूट हरवेल कशी, असं तुमच्या कुणाच्याच मनात कसं आलं नाही? मी ते ओढणीत गुंडाळले आणि भावाच्या बेदाणा शेडवर नेले. तिथं घरच्यासाठी म्हणून बेदाण्याची एक पेटी बाजूला ठेवलेली होती. तिच्या तळाशी घातले, वरून बेदाणा सारखा केला. म्हटलं, राहू देत वर्षभर. तोवर विसरेल.

भावाला काय ठाऊक? माल भरताना ती पेटीही गेली गाडीतून. तासगावचा बेदाण्याचा सौदा तुम्हाला माहीत आहे. लिलावाआधी पेट्या फोडायच्या, सगळ्यांसमोर बेदाणा ओतायचा. ती पेटी ओतली आणि बेदाण्याच्या ढिगात दोन गुलाबी बूट. म्हणे, एक व्यापारी म्हणाला, "हा कुठला वाण म्हणायचा गड्या?" सगळा सौदा हसला. हसा, तुम्हीही हसा. आप्पाही हसले होते. कारण तिथल्या हमालानं बूट ओळखले. गावात असले बूट घालणारी पोरगी एकच, आणि ती रोज तालमीत येते. त्यानं ते आप्पांना आणून दिले.

दुसऱ्या दिवशी आप्पा माझ्या गाडीत चढले. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, तिकीट फुकट, काम काही नाही. "कवलापूर एक," म्हणाले आणि माझ्याशेजारी बसले. गाडी कुमठ्याच्या पुढं गेली तेव्हा हळूच म्हणाले, "पोरी, बूट बेदान्यात सापडलं."

मी तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवलं. म्हटलं, "आप्पा, तिला सांगू नका."

"मी न्हाई सांगायचा. तू सांगशील."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. आक्का, तुमच्या सासूबाईंची आहे, सांगू का? मान हलवताहेत. सांगते.

आप्पांची कुस्ती गुडघ्यानं सुटली, असं सगळे म्हणतात. आत्ताही कुणीतरी म्हणालं. बाविसाव्या वर्षी गुडघा दुखावला, हे खरं. पण आप्पा मला काय म्हणाले, "गुडगा दोन महिन्यांत बरा झाला. तवर आईनं शपथ घातली व्हती, पुन्हा मातीत उतरलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. गुडगा सुटला. शपथ न्हाई सुटली."  मग म्हणाले, "आई वाईट न्हवती माझी. भ्याली व्हती."

कवलापूर आलं. उतरले. परतीच्या गाडीसाठी त्या उन्हात उभे राहिले असतील. एवढंच सांगायला आले होते.

त्यानंतर तरी मी सानिकाला सांगावं की नाही? नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू. रोज आप्पा माझ्याकडं बघायचे आणि मी मातीकडं बघायची.

पाच महिने झाले. डॉक्टरांनी फोटो काढला, हाड जुळलं म्हणाले, क्लासला जाऊ दे म्हणून लिहून दिलं. पण सानिकाचं एकच. आप्पा हो म्हणाले की जाईन.

नऊ दिवसांपूर्वी, शुक्रवारी, तालमीतून निघताना सानिका पुढं गेली होती. आप्पांनी मला थांबवलं. म्हणाले, "रविवारी आन तिला. मोडलेल्या पायावर, टाच उचलून, अक्खी सुपारी. आन सुपारी कातरायची तू."

"मी? मी का, आप्पा?"

"पाय तयार हाय पोरीचा. मी कालच बगितला. आता ऱ्हायलीस तू. तुजा हात कसा चालतो, ते बगायचं हाय. घाई करशील. घाईनं कातरलीस तर तिला कळंल, आईचा इस्वास न्हाई."

शनिवारी आप्पा गेले.

सोमवारी क्लास होता. सानिका गेली नाही. म्हणाली, "आप्पांनी हो कुठं म्हटलं? आता मला नाही जायचं. सोडलं मी."

मंडळी, मला ठाऊक होतं आप्पा काय म्हणाले ते. "पाय तयार हाय," हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं. एक वाक्य बोलले असते तर पोरगी उठून गेली असती. मी बोलले नाही. आठ दिवस बोलले नाही. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. आपला वस्ताद गेलाय, पोरगी उशीत तोंड खुपसून रडतेय, आणि आईला आत कुठंतरी बरं वाटतंय. आता उडी नाही, मोडणं नाही, मिरज नाही. याची लाज वाटते मला. तुमच्या सगळ्यांसमोर सांगते, लाज वाटते.

आज सकाळी आक्कांनी मला एक गाठोडं दिलं. म्हणाल्या, "त्यांच्या टरंकंत व्हतं. तुजंच हाय." हे बघा. बूट आहेत. चिकट झालेले, डाग पडलेले. आता ते तिला लहान होतील, घालायच्या कामाचे नाहीत. पण कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसलेत, आणि आत कागदाचे बोळे घालून ठेवलेत, आकार जाऊ नये म्हणून. आणि त्याच गाठोड्यात हा अडकित्ता आणि एक सुपारी. आक्का म्हणतात, शुक्रवारी रात्रीच बांधून ठेवलं होतं त्यांनी. रविवारसाठी.

सानिका, बाळा, आप्पा हो म्हणाले होते. शुक्रवारीच म्हणाले होते. मी दाबून ठेवलं. राग येऊ दे माझा. घरी जाऊन बोल मला काय बोलायचं ते. पण उद्या सोमवार आहे. सांगलीची दहाची गाडी माझी आहे.

मी अजून घाबरलेलीच आहे. ती भीती काही जायची नाही. उद्या तू क्लासच्या जिन्यानं वर जाशील आणि मी खाली गाडीत बेल मारेन, तेव्हाही माझी नजर त्या खिडकीवरच असेल. पण ती भीती माझी आहे, तुझ्या पायात बांधायची नाही.

आता रिवाजाप्रमाणं दोन मिनिटं मौन पाळायचं असतं. वस्तादांच्या फोटोपुढं घड्याळ लावणं मला बरं वाटत नाही. त्यांनी कधी लावलं नाही. आपण एक सुपारी उभं राहू या. सगळ्यांनी उठावं. आक्का, तुम्ही बसूनच राहा.

सानिका, चपला काढ. इकडं ये, हौद्यात. दुखलं तर थांबा म्हण. नाही दुखलं तर उभी राहा.

मी माइक खाली ठेवते. मला घाई होईल, हे आप्पांनी ओळखलं होतं. पण मी सावकाश कातरणार आहे, आणि डोळे उघडे ठेवणार आहे. कट कट थांबली की मौन संपलं, असं समजा.

आप्पा, बघा जमतंय का. चल सानिका, टाच उचल.