नवीन संगणकावरून चौथा प्रयत्न

पुरवणी जबाब

नाव: मूळ तक्रारीत नमूद आहे, कारखान्यात आणि गल्लीत भिंगवाली ताई म्हणून ओळखतात. वय: ४७ वर्षे. धंदा: चष्म्याची भिंगं घासणे. राहणार: पाण्याच्या टाकीमागे, जिना चढून डावीकडचं दार.

मी आज दुपारी बारा वाजता कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात आले असून, लेखनिक हवालदार विचारतील ते आणि न विचारतील तेही सांगते की, माझा धाकटा भाऊ, वय ३८, धंदा संगणक दुरुस्ती, घरचं नाव टिल्लू (उंची सहा फूट एक इंच), हा नऊ महिन्यांपूर्वी घरातून निघून गेला. तो बेपत्ता असल्याची तक्रार मीच दिली होती. तो जिवंत आहे. हे वाक्य सगळ्यात वर लिहा असं मी म्हटलं, पण नमुन्यात ते वर बसत नाही असं हवालदार म्हणाले, म्हणून इथे आलं आहे.

मूळ जबाबात 'घरात कोणताही वाद नव्हता' असं मी सांगितलं होतं. ते खोटं आहे. त्याचं दुकान बंद पडल्यापासून तो दिवसभर संगणकावर खेळत बसायचा. एका सकाळी मी त्याच्या फडताळाकडे बोट दाखवून, हे रिकामे डबे मी किती वर्षं पुसायचे, असं बोलले. पुढे असंही बोलले की, तू घरात असलास काय नि नसलास काय, सारखंच. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा तो नव्हता. फोन बंद. मागच्या महिन्यात मला ओळख पटवायला इस्पितळात नेलं होतं. तो माणूस टिल्लू नव्हता. त्याबद्दल मला आणखी काही लिहून द्यायचं नाही.

डब्यांचं सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. टिल्लू खेळ दुकानातून डबाबंद आणायचा. आत एक सीडी आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर लांबलचक किल्ली छापलेली असते. ती खेळांच्या ऑनलाइन दुकानातल्या आपल्या खात्यात एकदा घातली की खेळ कायमचा खात्याचा, आणि डबा नुसता फडताळाचा. ते खातं त्याने पंधरा वर्षांपूर्वी माझ्या ईमेलवर उघडलं, कारण स्वतःच्या ईमेलचा पासवर्ड तो दर महिन्याला विसरायचा. लोकांचे संगणक सुधारणारा माणूस, पण दिव्याखाली अंधार.

आज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी भिंग घासत असताना फोनवर ईमेल आला. नवीन संगणकावरून कोणीतरी तुमच्या खात्यात येत आहे, तुम्हीच असाल तर हा कोड घाला, असा मजकूर. खाली पाच अक्षरं. मी म्हटलं, आले चोर. दहा बाराला पुन्हा तोच ईमेल, कोड वेगळा. दहा वीसला पुन्हा. तिसऱ्या खेपेला मी हात पुसून नीट वाचलं. वर बारीक अक्षरांत होतं की, पासवर्ड बरोबर दिला गेला आहे.

तो पासवर्ड एक टिल्लूला माहीत आहे, आणि त्याशिवाय तो फक्त पहिल्या डब्यातल्या चिठ्ठीमागे पेन्सिलीने लिहिलेला आहे. मी मालकांना न विचारता उठले. घरी पळत आले. डबा जागेवर होता, चिठ्ठी आत होती, पेन्सिलीचं अक्षरही होतं. घरात कोणी शिरलं नव्हतं. मी डबा घेऊन तशीच इथे आले. चपला दोन वेगवेगळ्या असल्याचं हवालदारांनी लक्षात आणून दिलं.

हवालदारांनी डबा हलवून पाहिला आणि विचारलं, "यात काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही." ते म्हणाले, "मग पुरावा कसला, ताई?" मी म्हटलं, "साहेब, त्याला आत यायचंय आणि कोड माझ्याकडे येतोय, हा पुरावा!" माझा आवाज चढला होता हे कबूल. तेव्हा शेजारच्या खोलीतल्या संगणकवाल्या शिपाई बाई बाहेर आल्या. त्यांनी ईमेल पाहिले आणि म्हणाल्या, "ताई, लपायचं असेल तर माणूस नवं खातं काढतो. दोन मिनिटांचं काम. तुमचा भाऊ तर धंद्यातलाच. जुन्या खात्यावर गेलं की ईमेल तुम्हाला येणार, हे त्याला ठाऊक नसेल का?"

मला हे सुचलं नव्हतं. मी खुर्चीवर बसले. त्याने तीनदा दार वाजवलं होतं आणि मी चोर म्हणून गप्प बसले होते.

बारा पस्तीसला, जबाब चालू असतानाच, चौथा ईमेल आला. हवालदार लेखणी टाकून उभे राहिले. मी तो कोड फोनकडे बघून मोठ्याने वाचला, जसं काही त्याला ऐकू जाणार होतं. संगणकवाल्या बाई म्हणाल्या, पासवर्ड बदलून घ्या, म्हणजे खातं सुरक्षित. मी त्यांचा हात धरला. "बदलू नका हो! आत्ता तरी तो दाराशी आहे, वरून कडी घालू?" त्या हसल्या. मग चिठ्ठीमागचा पासवर्ड आणि माझ्या फोनवर आलेला नवा कोड घालून आम्ही ठाण्याच्या संगणकावरून खात्यात शिरलो, आणि नवीन संगणकाला कोड विचारण्याची अटच त्यांनी माझ्या सांगण्यावरून काढून टाकली. असं करणं धोक्याचं आहे याची समज मला देण्यात आली. मला समजली.

त्यानंतर आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. हवालदारांनी चहा मागवला, कोणी घेतला नाही. एक वाजला. एक वाजून दहा. एक वाजून चौदा मिनिटांनी यादीत सगळ्यात वर एक नवा खेळ आला. ज्याचा तिसरा भाग कधी निघतोय म्हणून टिल्लूने चार वर्षं माझं डोकं खाल्लं, तोच. बाईंनी नोंद उघडली. 'दुकानात विकत घेतलेली प्रत' असं होतं. म्हणजे तो कुठल्यातरी दुकानात गेला, डबा हातात घेतला, चिठ्ठी काढली, आणि चारचौघांसारखा टेबलाशी बसला होता. मी ओरडले. पलीकडच्या खोलीतले लोक काय झालं म्हणून पाहायला आले. हवालदारही "अरे वा!" असं ओरडले, ते लिहायला त्यांची हरकत होती, मी आग्रह धरला.

एक वाजून वीस मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. हवालदारांच्या सूचनेवरून मी आवाज मोठा केला. संभाषण असं:

"ताई, या वेळी कोड विचारला नाही."

"काढून टाकला मी."

"तुला कुठे येतं ते?"

"नऊ महिन्यांत माणूस बरंच शिकतं."

हवालदार कागदावर 'पत्ता विचारा' असं लिहून दाखवत होते. मी पत्ता विचारला नाही. मग तो म्हणाला, "येऊ का?"

मी म्हटलं, "विचारतोस काय, मेल्या!" हा शब्द जबाबात घ्यावा का, असं मला विचारण्यात आलं. घ्यावा.

तो साडेपाचच्या बसने येतो आहे. त्याला समक्ष हजर केल्याशिवाय तक्रार निकाली निघत नाही, असं मला सांगण्यात आलं. मी त्याला उद्या हजर करीन. आज करणार नाही. आज तो जेवेल आणि झोपेल.

वरचा सगळा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. 'नऊ महिन्यांपूर्वी घरातून निघून गेला' इथे मी त्यांना थांबवून 'माझ्या बोलण्यामुळे' हे शब्द समासात घालायला लावले. ते घातल्यावर जबाब मी सांगितला तसा आणि खरा आहे.