तात्पुरता आवाज

हॅलो?... हां, बोल चिमणे... अगं हळू बोल, बाबा झोपलेत आत. दुपारची डुलकी... कुठून बोलतेयस?... बसमध्ये? आणि मांडीवर लॅपटॉप? धन्य आहेस. शेजारच्याला कोपर लागू देऊ नकोस म्हणजे झालं.

हो, माहितीये गं. चारला स्पर्धेचं ते पान बंद होणार, मग ना खेळ बदलता यायचा, ना एक अक्षर. आता साडेतीन झालेत... हो, 'आम्ही काय शिकलो' तेवढं लिहायचं राहिलंय. बाकी सगळ्यांनी लिहून टाकलं, आपणच मागे. म्हणून तर वही घेऊन बसलेय. मी सांगते, तू टाइप कर.

आधी झालंय तेवढं वाच बघू... 'आम्ही दोघी बहिणींनी गेम जॅम या स्पर्धेत अठ्ठेचाळीस तासांत एक खेळ बनवला'... बरं... 'एक मुलगी अंधाऱ्या जिन्याने चढते. प्रत्येक मजल्यावर एक बंद दार, दारामागे एक आवाज. आवाजावरून आपलं घर ओळखायचं'... छान. शहाण्यासारखं लिहिलंयस.

आता लिही. खेळ छोटा ठेवावा. आपण बारा मजले धरले होते, वर लिफ्ट, आणि लिफ्टमध्ये बोलणारा माणूस. शनिवारी दुपारपर्यंत त्या लिफ्टचं दार काही उघडेना आणि तू रडायला बसलीस... बसलीस की. नाक ओढत होतीस... बरं बाई, सर्दी होती. पाच मजल्यांवर आलो तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मग लिही, दुसऱ्याला खेळायला बसवलं की आपण तोंड मिटून बसावं. तुझे दाजी बसले होते तेव्हा तू मागून 'दाजी डावीकडे, अहो डावीकडे', त्यांना स्वतःचं डोकं चालवू देशील तर ना... हो, मीही बोलत होते. दोघींना लागू आहे ते.

पुढचं... पुढचं आवाजांचं आहे. ते कसं लिहायचं तेच मला कळत नाहीये... नाही, 'वेळ नसला की घरातलंच काहीतरी उचलावं' असं नको... नको म्हणतेय ना. कारण आहे. सांगते, पण हसायचं नाही... हसलीस.

अगं ऐक ना. स्वयंपाकघराच्या दाराची करकर आपण पहिल्या मजल्याला लावली की नाही? ते दार करकरत नाही आता. त्या रविवारपासून... तेल कोण घालणार, तुझे दाजी?... मीही खूशच झाले आधी. दुसऱ्या मजल्यावर दाजींचं घोरणं. तेही बंद... बारा रात्री. मी कशाला तक्रार करू? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सलग झोपले. मला वाटलं, नवी उशी मानवली त्यांना.

आता तिसरा मजला. इथपासून मला हसू येत नाही. वहीत लिहिलंय, 'तिसरा: खालच्या घड्याळवाल्यांची शिट्टी. न सांगता घेतली.' माझंच अक्षर. पण कुठली शिट्टी, चिमणे? तुला आठवतेय?... बघ, तुलाही नाही. खाली मंगळवारची तारीख घालून लिहिलंय, 'काकांची शिट्टी गेली. खेळातून काढून टाकते, परत येते का बघू.' म्हणजे मंगळवारी मला माहीत होतं. काढून टाकली आणि डोक्यातूनच गेली.

काल दुकानात जाऊन विचारलं. भिंग डोळ्याला तसंच ठेवून म्हणाले, शिट्टी? मी? जन्मात नाही वाजवली. त्यांची बायकोही नाही म्हणाली. सात वर्षं रोज त्या दुकानावरून जाते मी. वहीत नसतं तर मीही नाहीच म्हटलं असतं... वेड नाही लागलं मला. आवाज खेळात आहे तोवर निदान कुठेतरी आहे. तिथून काढला की संपलं, एवढंच मला कळलंय.

हो, बाबांचंच सांगतेय. तू परवा येऊन गेलीस तेव्हा बघितलंस ना? दार उघडलं की वळतात, तोंड उघडतात आणि नुसते बघत राहतात. बाकी सगळं बोलतात गं. चहा निवला म्हणतात, चष्मा कुठाय म्हणतात, बातम्या देणाऱ्या बाईशी भांडतात. तेवढं सोडून. घशाच्या डॉक्टरांनी दिवा लावून बघितलं, घसा साफ आहे म्हणाले.

जन्मभर गं. शाळेतून आलो, ऑफिसातून आलो, नुसतं कोपऱ्यावर जाऊन आलो तरी दार वाजलं की आतून, 'आलीस का?' आणि आपण म्हणायचं, 'आले.' तू एकदा फटकन बोललीसही, समोर दिसतेय ना बाबा, विचारता कशाला? दुसऱ्या दिवशी परत विचारलंच त्यांनी... हो ना.

मी तुला कधी सांगितलं नाही. आई गेली त्या संध्याकाळी दवाखान्यातून मी एकटी घरी आले. तू अजून गाडीत होतीस. बाबांना कसं सांगायचं ते मी जिन्यात पाठ करत होते. दार ढकललं आणि आतून आलं, 'आलीस का?' मला रडू फुटलं. ते बाहेर आले, माझ्याकडे बघितलं, बस. एक शब्द सांगावा लागला नाही.

आणि आपण काय केलं? खेळ जमा करायला तीन तास उरलेले, पाचव्या मजल्यावर घराचा आवाजच नाही. तुला दुधाच्या निमित्ताने खाली पाठवलं, मी मोबाइल उशीमागे दडवून ठेवला. तू आलीस, बाबांनी विचारलं, आपलं काम झालं. वहीत पुढे 'तात्पुरता' असं लिहिलंय मी. नंतर कुणा नटाकडून नीट म्हणून घेऊ. घेतलं का? हां, हे लिही. तात्पुरतं म्हणून ठेवलेलं तसंच राहून जातं... लिहिलंस? बरं.

पण घाबरू नकोस, उपाय सापडलाय. काल रात्री जेवताना दाजींना सांगून टाकलं. म्हटलं, अहो, तुमचं घोरणं आम्ही न विचारता घेतलं खेळात, चालेल ना? ते म्हणाले, घे की, मला त्याचा काय उपयोग. आणि काल जे घोरलेत म्हणतेस... मी आनंदाने जागी. खेळातल्या मुलीच्या पावलांना लावलेला तुझ्या चपलांचा आवाजही अजून आहे बघ, कारण तो तू स्वतः दिलास, सहा वेळा जिना चढून. कळलं का? विचारायचं राहिलं होतं. विचारलं की परत मिळतं, आणि खेळातही राहतं.

बाबांना?... नाही अजून... अगं, सकाळपासून तीनदा जाऊन उभी राहिले त्यांच्यापुढे. एकदा चहा दिला, एकदा पेपर दिला, एकदा नुसतीच परत फिरले. लाज वाटते गं. उशीमागे मोबाइल दडवून बापाचा आवाज घेतला हे कुठल्या तोंडाने सांगू? पण आज विचारतेच. चारला उठले की लगेच.

काय?... काय काढलंस?

बाबांचा आवाज?... त्याच्या जागी घंटी टाकलीस?... केव्हा?... मी बोलत होते तेव्हा? आणि खेळ परत पानावर चढवायलाही लावलंस?... चिमणे, शिट्टीचं काय सांगितलं ते ऐकलंस ना तू?... मग कानात काय बोळे होते?... हो, कळतंय, बाबांसाठीच केलंस. चार वाजतील म्हणून केलंस. मी आधी बोलायला हवं होतं, माझंच चुकलं. आता थांबव ते. किती झालंय?

एकसष्ट टक्के. रद्द कर... मी ओरडत नाहीये, रद्द कर. वर फुली असेल बघ... फुली दाबली तरी काही होत नाही? नुसतं चाक फिरतंय?... मूळ आवाज आहे ना तुझ्याकडे?... पुसलास. आणि फोल्डर दोघींचं एकच, म्हणजे माझ्याकडचाही गेला. जुनी प्रत वेगळी ठेव, वेगळी ठेव म्हणून किती वेळा घोकलं होतं आपण त्या दोन दिवसांत.

नेट बंद कर... लॅपटॉपच अडकलाय का? मग मोबाइलचं बंद कर, त्याच्यावरूनच चालतंय ना... नको, थांब, आपला फोनही नेटवरच चाललाय, तो तुटेल... बोगदा? किती लांब आहे?... समोर दिसतोय, पण गाड्या तुंबल्यात? येऊ दे, येऊ दे लवकर, नेट जाईल आपोआप... किती?... त्र्याहत्तर. मी विचारते. आत्ता विचारते. फोन ठेवू नकोस.

बाबा... बाबा, उठा ना जरा... नाही, चहा नाही. उठून बसा... हा घ्या चष्मा. एक विचारायचंय तुम्हाला... धाकटी आहे फोनवर. ठीक आहे ती, बसमध्ये आहे... किती गं?... ब्याऐंशी... बाबा, इकडे बघा. रागवू नका. आम्ही तुमची एक गोष्ट घेतलीय, तुम्हाला न विचारता. त्या खेळासाठी... नाही, चष्मा नाही, चष्मा तुमच्या डोळ्यांवर आहे... किती?... शहाण्णव... बाबा, दार उघडलं की तुम्ही आम्हाला जे...

जे...

हॅलो?... हो, आहे ना मी... झालं? शंभर टक्के? सुटलो. बोगद्याआधी झालं ते बरं झालं, नाहीतर चारपर्यंत काही खरं नव्हतं... मी? मी बाबांच्या खोलीत आहे. त्यांना उठवलं वाटतं मी... काय माहीत कशाला. काहीतरी विचारायचं होतं... काही नाही बाबा, पडा तुम्ही... नुसते बघतायत माझ्याकडे.

बरं, कुठे होतो आपण?... तात्पुरतं ठेवलेलं तसंच राहून जातं. हां. त्याला एखादं उदाहरण द्यायला हवं. कशावरून म्हणाले होते मी ते?... तुलाही नाही आठवत? थांब, वहीत असेल. पहिला मजला, दाराची करकर. दुसरा, दाजींचं घोरणं. तिसरा, शिट्टी. चौथा, मुद्दाम ठेवलेली शांतता. पाचव्यावर घंटी...

नाही. घंटी नाही लिहिलेली. लिहिलंय, 'पाचवा: बाबा, आलीस का? तात्पुरता.'

आलीस का... माझंच अक्षर आहे... तू म्हणून बघ बरं एकदा... काही वाटतंय?... मलाही नाही. चिमणे, आत्ता तू नवीन चढवलंस, त्यात काय बदललं होतंस?... आठव ना... शिट्टीसारखंच झालं हे. अगदी तसंच.

बाबा, तुम्ही आम्हाला कधी 'आलीस का' असं म्हणायचात?... नाही म्हणतायत. म्हणाले, समोर माणूस दिसत असताना असं कोण कशाला विचारेल.

ऐक, मला एक सांग. आई गेल्याचं बाबांना मीच सांगितलं ना? त्या संध्याकाळी?... मग काय शब्दांत सांगितलं मी?... जिन्यात पाठ करत होते ते आठवतंय. दार ढकललं तेही आठवतंय. त्याच्यापुढचं काही नाही.

नको, ते नको लिहूस त्या पानावर... चिमणे, चांगलं होतं का गं ते? जे काय होतं ते?... हॅलो?... ऐकू येतंय का?... हॅलो?

काही नाही बाबा, फोन तुटला. बोगद्यात शिरली तिची बस. येईल तासाभरात... हो, येईल की. दाराकडे काय बघताय?