शाळा सोडण्याचे कारण

—मग सही करायला आलात की मलाच उलट प्रश्न विचारायला, खंडेराव? बसा आधी. चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं, नववीचा निकाल आहे, पालकांनी दहाला हजर राहावं, अन् तुम्ही उगवलात साडेअकराला – गुलाबाचा माल फूलबाजारात पोचल्याशिवाय तुमचा पाय निघत नाही, मला माहीत आहे. मुलीला का आणलंत पण? बसू दे तिला बाहेर, इतर पालकांजवळ. – नाही हो, नापास नाही झाली योगिनी. वर ढकलली का होईना, नववी पास आहे. पण दहावीला आम्ही तिला इथून बसवणार नाही, एवढंच सांगायला बोलावलं. दाखला घ्यायचा, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, घरी अभ्यास करायचा अन् बाहेरून परीक्षा द्यायची. पेपर तोच, बोर्ड तेच, मार्चही तोच. त्यात एवढं तोंड उतरवण्यासारखं काय आहे?

– हो, सगळं तेच आहे तर इथूनच का नाही, हेच ना? आलात तेव्हा गेटवरचा फ्लेक्स बघितलात का? सलग सहा वर्षं शंभर टक्के निकाल. या अख्ख्या उपनगरात दुसरी अनुदानित शाळा दाखवा मला. फोटो बघा व्हरांड्यातले – एक पोरगी पुण्याला इंजिनीअर, एक फौजदार, दोन नर्स, एकजण कृषी अधिकारी, तुमच्याच मळ्याकडचा. ही मुलं काय आभाळातून पडली? सकाळी सातला जादा तास, संध्याकाळी सराव परीक्षा, दिवाळीच्या सुट्टीत शिबिर – आम्ही घासलंय त्यांच्यासाठी. आणि तुमच्या एका पोरीपायी मी शंभराचे नव्व्याण्णव करू? पाटापलीकडच्या नव्या कॉलनीत इंग्लिश मीडियम उघडलंय, त्यांची गाडी दारात येऊन पोरं उचलते. आमचा निकाल एवढासा घसरू दे, जूनमध्ये पाचवीची एक तुकडी गेली म्हणून समजा. तुकडी गेली की शिक्षक जास्तीचे ठरतात, अन् जास्तीचे ठरले की संस्था काय करते माहीत आहे? लांब डोंगरात, सुरगाण्याच्या शाखेवर पाठवते. माझी चार वर्षं राहिलीत रिटायरमेंटला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. मी जाऊ सुरगाण्याला? – मग. उगाच माझ्याकडं असं बघू नका.

काय? – मागच्या वर्षी दहावीला सत्त्याण्णव बसले, सत्त्याण्णव पास झाले. – नववीला? नववीला एकशे आठ होते. बोटांवर कशाला मोजताय, मीच सांगते, अकरा. अकरा जणांचे दाखले दिले, सगळ्यांच्या आईबापांनी गुमान सह्या केल्या, एकानं हूं का चूं केलं नाही. सगळीकडं हेच चालतं, खंडेराव, आम्ही काही जगावेगळं करत नाही. – पास झाले ना त्यांच्यातले. दोन झाले. – अहो अकरापैकीच दोन. नऊ जणांनी फॉर्म भरला, परीक्षेला गेले पाच, पास झाले दोन. बाकीच्यांचं मी काय करू? वर जो तक्ता पाठवावा लागतो त्यात फक्त पास झालेल्यांचं विचारतात, कोण कुठं शिकतंय, कोण कुठं लागलंय. दाखला नेलेल्यांचा रकानाच नसतो त्यात. मी ठेवतही नाही त्यांची नोंद. ठेवत नाही, पण दिसतात की समोर. भिकन तिठ्यावर दुसऱ्याची रिक्षा चालवतो, मला बघितलं की सीट पुसतो अन् म्हणतो, बसा मॅडम. मी चालत जाते हल्ली. एक सातपूरला कंपनीत पॅकिंगला आहे. अन् ती रोहिणी – तिनं फॉर्म भरला होता, हॉल तिकीट यायचं होतं, त्याच्या आतच दिंडोरीकडं देऊन टाकली. शाळा सुटली, घरी बसून करते काय, म्हणाले. माघातलं लग्न होतं. सोळावं चालू होतं तिला. – मी लग्नाला होते का? होते. पत्रिका आली होती म्हणून गेले. साडी नेसवली, जेवले, आले. पंगतीत मला आग्रह करून वाढलं तिच्या आईनं. म्हणाली, मॅडम, तुम्ही आलात, लय बरं वाटलं.

हे मी तुम्हाला का सांगतेय? तुम्ही नुसते प्रश्न विचारताय म्हणून. माणसानं रागवावं. भांडावं तरी.

बरं, मुद्द्याचं. तुमची पोरगी गणितात कच्ची आहे. मराठीत सत्तर, इतिहासात अडुसष्ट, अन् गणितात अठरा. अठरावाल्या पोरीला मी बोर्डाला बसवू? – आठवीपर्यंत बरी होती, मान्य. बरी म्हणजे चांगलीच होती, पहिल्या पाचात. आठवी वेगळी, नववी वेगळी. – कोणी शिकवलं म्हणजे? ललित सर होते, ते जुलैत गेले क्लासवाल्यांकडं. जागा भरायला परवानगी लागते, ती अजून आलेली नाही. रिकामा तास ठेवता येत नाही, म्हणून मी घेतला. – मी एम.ए. आहे, मराठी. हसू नका. हसला नाहीत? ठीक आहे. दहावीनंतर गणिताचं पुस्तक हातात धरलं नव्हतं मी, पण घेतलं की वर्षभर. गाइडमधली गणितं जशीच्या तशी फळ्यावर लिहून द्यायचे, पोरं उतरवून घ्यायची, कुणाची तक्रार नव्हती. तुमचीच तेवढी उभी राहायची. मॅडम, दुसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं. मॅडम, उत्तर जुळत नाही. एकदा ठीक आहे, दोनदा ठीक आहे, भर वर्गात रोज? चौपन्न पोरं माझ्या तोंडाकडं बघतायत, अन् मला खरंच कळत नाहीये कुठं चुकलं ते – काय करायला हवं होतं मी? बाहेर बसवली तिला. – एका तासापुरती नाही. गणिताच्या तासाला, ऑगस्टपासून. – दिवाळीनंतरही. तिनं घरी सांगितलं नाही? वर्षभर नाही सांगितलं?

...हो, व्हरांड्यात. सतरंजीवर. वही असायची हातात तिच्या.

झालं ते झालं, खंडेराव. मी काही तिची वैरीण नाही. हा अर्ज घ्या. नाव भरलंय, जन्मतारीख भरलीय, तुम्ही फक्त ते एक भरायचं, शाळा सोडण्याचे कारण. तिथं लिहा, पालकांच्या विनंतीवरून. सगळे तेच लिहितात. खाली सही. माझ्यासमोर करा. मुख्याध्यापक साहेब मीटिंगला गेलेत, या दिवशी ते दरवर्षीच मीटिंगला असतात, हे सगळं माझ्याच गळ्यात. – घ्या पेन. सावकाश लिहा, घाई नाही. सातवीपर्यंत शिकलात ना तुम्ही, मग येतंय की. – एवढं काय लिहिताय? दोन शब्द आहेत. पालकांच्या विनंतीवरून. – अहो, ओळीच्या बाहेर चाललात. दाखवा. दाखवा इकडं.

‘गणिताला शिक्षक नव्हते. मुलीने चूक दाखवली म्हणून मॅडमने वर्षभर वर्गाबाहेर बसवली.’

हे काय आहे? – मी म्हटलं म्हणून लिहायचं? मी घरच्यासारखं बोलले तुमच्याशी, विश्वासानं बोलले. याच्यावर शिक्का कसा मारू मी? हे वर पाठवू? खोडा ते. दुसरा अर्ज देते, कोरा, खोडा ते आधी. – खोटं आहे असं नाही म्हणत मी. सही कशाला करताय त्याच्याखाली? थांबा – हे बघा, तुम्हाला दाखलाच नकोय ना? नका घेऊ. बसवा तिला इथं. जूनमध्ये दहावी ब-मध्ये नाव येईल तिचं, झालं समाधान? पण एक ऐकून ठेवा, निकाल गेला तर तो तुमच्या पोरीनं घालवला, मी अख्ख्या गावाला सांगेन. सांगेनच. – कागद ठेवून जा तो. खंडेराव. कागद शाळेचा आहे, घरी न्यायचा नसतो. – बाहेर दाखवू नका कुणाला. खंडेराव.

– तुम्ही का आत आलात, सरुबाई? दाखल्याचा पुढचा नंबर तुमच्याच पोराचा आहे, दिसतंय मला. पण आज एकही अर्ज घ्यायचा नाही. पेन खाली ठेवा ते. का म्हणजे काय, नाही घ्यायचा. जा. केरू, बाहेरच्या सगळ्यांना घरी पाठव अन् दार लावून घे.