मागच्या चाकाचा आवाज

(आष्टी, तालुका परतूर इथले रशीदभाई धारवाले यांनी सांगितलं तसं)

जरा जवळ सरका, हां, आणखी जवळ, मव्हा आवाज एवढाच आहे, ह्याच्यापुढं निघत न्हाई, आणि डॉक्टरनं सांगून ठेवलंय की रशीदभाई ओरडायचं न्हाई, कुजबुजायचं बी न्हाई, सरळ हळू बोलायचं, म्हणून हळू सांगून राह्यलो. मी आष्टीचा. मव्हा बाप धारवाला, आजा धारवाला, आजा खांद्यावर धारेच्या दगडाची लाकडी घोडी घेऊन पायी फिरायचा, बापानं सायकल केली आणि तेच सायकलीवर मी शिकलो. तुम्ही पाह्यली असंल आमची सायकल, मागच्या स्टँडवर उभी करायची, मागच्या चाकावरून पट्टा वर दांडीवरच्या दगडाला जातो, मंग सीटवर बसून पायडल मारायचं, सायकल जाग्यावरच राहती अन्‌ दगड फिरतो. लोक मजाक करतात, काय रशीदभाई, इतकी सायकल चालवून कुठं पोचला, मी म्हणतो कुठंच न्हाई, पण पोट भरलं.

आता तुम्हाला वाटंल धारवाल्याचं काम हाताचं. हाताचं हायेच, पण हात नंतर, पहिला गळा. बाई चुलीपाशी, मागच्या खोलीत, भाजी चिरून राह्यली, इळी बोथट झालीय, तिच्या ध्यानात हाय पण तिला कोण सांगणार की मी आलोय. बाप म्हणायचा, आरोळी चुलीपर्यंत गेली पाह्यजे, दारापर्यंत गेलेली आरोळी फुकट. मही जायची चुलीपर्यंत. खोटं न्हाई सांगत, पार मागच्या गल्लीतली म्हातारी म्हणायची, आला गं रशीद, काढा इळ्या. तीस-बत्तीस वर्सं म्या अशी आरोळी मारली, वरून दगडाची धूळ नाकातोंडात, तंबाकू बी व्हती, ती काऊन लपवू, आणि मंग एक दिवस आवाज बसला तो उठंना. काढे झाले, हळद-दूध झालं, दर्ग्याचं पाणी झालं. शेवटी मोठ्या दवाखान्यात गेल्तो, तेंनी नळी घालून पाह्यलं, म्हणले गळ्यात गाठ हाय, साधी हाय, काढू. काढली. गाठ गेली, आवाज बी गेला. डॉक्टर चांगला माणूस, म्हणला जीव वाचला हे बघ, मी म्हणलं साहेब जीवाला खायला काय घालू, तर तेला ते ऐकूच आलं न्हाई, एवढा बारीक आवाज.

मंग काय सांगू तुम्हाला काय काय झालं. म्या सायकलची घंटी वाजवत फिरलो, तर लेकरं धावत आली, तेंना वाटलं कुल्फीवाला, आणि दगड बघून रडत माघारी गेली. घंटीनं कोणी बाई बाहेर येईना. मंग म्या डोकं लावलं, म्हणलं सुरी हातात धरून दाखवावी म्हंजे समजंल. एका वस्तीवर तसाच दारापुढं उभा राह्यलो, हातात सुरी, तोंडातून शब्द न्हाई, आतून नवी सून आली, तिनं पाह्यलं, अन्‌ अशी किंचाळली की पोलीस पाटील आला. पाटील ओळखीचा निघाला म्हणून बरं. तो हासला, बाया बी हासल्या नंतर, मीच हासू शकलो न्हाई. घरी आलो अन्‌ सायकल भिंतीला लावली, आठ दिवस हात लावला न्हाई. जुलेखा, मही बायकू, रोज सायकलवरची धूळ फडक्यानं पुसायची. तेचा मला लई राग यायचा, खरं सांगतो.

मंग तिनंच तोड काढली. म्हणली ते भंगारवाले फिरतात तेंचा भोंगा कसा आपोआप बोलतो, तसा आणा. आणला, छोटा, हँडलला बांधायचा. आता तेच्यात बोलणार कोण, म्या म्हणलं तू बोल. ती म्हणली नक्को बाप्पा, मव्हा आवाज गल्लोगल्ली फिरंल, लोक काय म्हणतील. एवढ्या वर्सांत ती कोणासमोर मोठ्यानं बोलली न्हाई, तिचं खरंच व्हतं. दोन दिवस न्हाईच म्हणली. तिसऱ्या दिवशी मी पाण्याला गेल्तो, परत आलो तर दार आतून लावलेलं आणि आतून आवाज, धार लावा बायांनोऽऽ, इळी, सुरी, कैची, अडकित्ता, धाऽऽर लावा. म्या बाहेरच घागर घेऊन उभा राह्यलो. मला माहीतच नव्हतं हो, हिच्या गळ्यात एवढा आवाज हाय. शेवटाला आमची कोंबडी बी ओरडली, ती बी तेच्यात भरली गेली, म्हणून आजबी आरोळी झाली की मागून कोंबडी बोलती, लोकाला वाटतं मी कोंबड्या बी विकतो.

चालला बरं भोंगा. चुलीपर्यंत जायचा आवाज, उलट बाईचा आवाज म्हणून बाया बिनधास्त बाहेर यायच्या. पण दुपारी बारा वाजले की बॅटरी खलास. आणि आमचं काम म्हंजे एक गाव, दुसरं गाव, दोन-दोन, तीन-तीन दिवस बाहेर, मुक्काम देवळात न्हाई तर मशिदीत. चार्जिंग कुठं करणार. चहाच्या टपरीवर एकदा करू देतात, दुसऱ्यांदा करू देतात, तिसऱ्यांदा तेचं तोंड वाकडं होतं, आणि गावात दिवसा लाइट तरी कुठं टिकती. बॅटरी गेली की मी पुन्हा मुका. अर्धा दिवस धंदा अन्‌ अर्धा दिवस मुका, असं कसं भागंल.

मह्याकडं बापाच्या वेळचा डायनामा पडून व्हता, टायरला घासून फिरतो, पुढं दिवा लागतो, तो. म्या म्हणलं दिव्याच्या वायरी भोंग्याला जोडू. जोडल्या. बॅटरी भरंना, नुसती गरम व्हायची. मंग परतूरहून गाडीत बसलो, नव्या जालन्याला गेलो, तिथं स्टेशनच्या बाजूला एका मारवाडी शेठचं इलेक्ट्रिकचं दुकान हाय, पारसमल शेठ, म्हातारा माणूस, डोळ्याला भिंग लावून स्वतः वायरीला डाग देतो. तेनं पाह्यलं अन्‌ कपाळाला हात लावला. म्हणला, भाईजान, डायनामाची वीज झोपाळ्यावानी पुढं-मागं होती, बॅटरीला एकाच बाजूनं पाजावं लागतं, तुम्ही पाजलं तेवढं पुन्हा ओढून घेतलं. तेनं चार बारीक डायोड जोडून दिले, म्हणला हे एकतर्फी दारं हायेत, वीज आत जाईल, माघारी येणार न्हाई, पण दार म्हणलं की दरवान आपला वाटा काढतोच, म्हणून कमी वीज खाणारे टाकले.

खुशीत आलो. डायनामा लावला पुढच्या चाकाला, सगळ्या दुनियेच्या सायकलीला तिथंच असतो. पण आमचे रस्ते, काळी माती, खड्डे, सायकलवर दगडाचं ओझं, मी चाललो बैलगाडीच्या चालीनं, एवढ्या हळू चाकात वीज कुठून येणार. आणि निम्मा वेळ तर मी उतरून ढकलतो. चार दिवस फिरलो, बॅटरी बाराऐवजी एकला जायची, बस. घरी येऊन बसलो तर जुलेखा चहा ठेवून म्हणली, एक विचारू, रागवू नका, दिवसभर तुमचं कोणतं चाक फिरतं. म्या म्हणलं मागचं. आणि काम करताना पुढचं? म्या म्हणलं ते उभं असतं. तिनं कप पुढं सरकवला. आता तुम्हीच सांगा, बाप-आजापासून आमच्या घरात मागच्या चाकावर भाकर भाजली, आणि अक्कल लावताना मी गेलो पुढच्या चाकाकडं! पोळपाटावर बसून पोळपाटच शोधण्यातली गत. तेच टायमाला पाना घेतला.

मागं लावला अन्‌ कमाल झाली. धार लावायला बसलो की चाक भरधाव, भोंग्यावरचा चार्जिंगचा हिरवा दिवा लागून राह्यलेला. जितक्या इळ्या तितका आवाज. मी तर नाचायचाच बाकी व्हतो. आणि मंग एका लग्नाच्या मांडवात आचाऱ्याचा सगळा पसारा पुढं आला, सुऱ्या, सत्तूर, इळ्या, म्या तासभर पायडल मारलं न थांबता, भोंगा मधी मधी बोलतच व्हता, आणि एकदम, धार लावा बायांनो, एवढं म्हणून बंद. जळका वास आला. तुम्हाला खोटं वाटंल, पण मला वाटलं घरी जुलेखालाच काही झालं. तसाच अर्धं काम टाकून फोन लावला. ती म्हणली काय झालं, म्या म्हणलं काही न्हाई, तुझा आवाज ऐकायचा व्हता. ती म्हणली वेडे झाले का.

पुन्हा शेठकडं. शेठ म्हणला, घागर भरली तरी तुम्ही नळ सोडून बसलात, बॅटरी भरली की ती वीज घेत न्हाई, मंग डायनामाचा जोर वाढत जातो, तो जोर भोंग्यातल्या चार्जिंगच्या सर्किट-पट्टीनं सोसला न्हाई. तेनं बोटाएवढी एक नवी पट्टी बसवली, वरून कितीबी जोर येऊ दे, खाली पाचच व्होल्ट सोडती. बॅटरी वाचली व्हती, पट्टीच जळली.

पण आणखी एक व्हतं, ते शेठला बी समजलं न्हाई, ते म्या काढलं, सांगतोच. डायनामा लावल्यापासून पायडल जड झालं व्हतं, गुडघे भरून यायचे. शेठ म्हणला वीज फुकट न्हाई भेटत, जड जाणारच. बराबर हाय, पण इतकं? म्या कान लावला. कुरकुर येत व्हती, टायरवर काळी भुकटी पडलेली, डायनामाची मुंडी चटका बसंल अशी. आता हे तर मला पाठ हाय, धार लावताना पातं जास्त दाबलं की पोलाद तापून निळं पडतं, ठिणग्या लई उडतात आणि धार तर येतच न्हाई, नवशिके पोरं तसंच करतात, तेंना वाटतं दाबलं म्हंजे काम झालं. म्या डायनामा तसाच दाबून बसवला व्हता, अन्‌ वाकडा बी. मंग स्प्रिंग सैल केली, नुसता टेकंल एवढी, आणि डायनामा असा फिरवला की तेची दांडी सरळ चाकाच्या मधल्या तुंब्याकडं बघंल. भुकटी बंद, कुरकुर बंद, पायडल हलकं, आणि हिरवा दिवा तसाच. चढाला डायनामा उचलून ठेवायचा, धारीला बसलो की टेकवायचा. शेठला जाऊन दाखवलं तर तो उठून उभा राह्यला, म्हणला भाईजान, हे मला सुचलं नसतं. तेनं चहा पाजला.

आता दिवसभर बोलतो भोंगा, संध्याकाळी बी बॅटरी उरती, दोन वेळा तर टपरीवाल्याचाच मोबाइल म्या चार्ज करून दिला. आवाज काही परत येणार न्हाई, डॉक्टरनं मागच्या महिन्यात सांगितलं, हाय तो सांभाळ. म्या म्हणलं ठीक हाय. पहिले रडलो असतो, आता न्हाई रडलो.

पण ऐका, मागल्या बाजारच्या दिवशी आम्ही दोघं आष्टीच्या बाजारात गेल्तो. गर्दी, जुलेखा कोथिंबीरवालीला म्हणली, बाई, जुडी तर जरा मोठी दे. एवढंच बोलली. बाजूची एक बाई गर्रकन वळली, खेड्यावरची, मी तिला ओळखतो, तिच्या दारात मी कितीतरी वेळा बसलोय, पण तिनं मह्याकडं पाह्यलं बी न्हाई, सरळ जुलेखाचा हात धरला, म्हणली अगं माय, तूच का ती, दोन हप्ते झाले आली न्हाईस आमच्या गावाला, मही इळी भोपळा बी कापंना. जुलेखा आधी लाजली, पदर पुढं ओढला, मह्याकडं पाह्यलं, आणि मंग चांगलं मोठ्यानं म्हणली, येते हो मंगळवारी, काढून ठेवा.

ती स्वतः त्या गावाला कधी गेलेली न्हाई, जातो तो भोंग्यातला तिचा आवाज. आता मी संध्याकाळी घरी टेकलो की पाणी देती, समोर बसती अन्‌ विचारती, आज मी कुठं कुठं जाऊन आले. मी एक-एक गाव सांगतो, कोण बाई बाहेर आली, काय म्हणली. मह्या एवढ्याशा आवाजात सांगतो, आणि तिला सगळं बराबर ऐकू येतं. अल्ला तुमच्या घरात बी असंच ऐकणारं माणूस ठेवो.