सहाची झोप

झोपेच्या दवाखान्यात ती आईचा राहिलेला रिपोर्ट न्यायला आली होती. आई जाऊन महिना झाला होता. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको बोलत होते.

“डॉक्टरांचं सगळं डोक्यावरून गेलं हो.”

“अगं, पेशीत एक प्रथिन रोज साठतं नि मोडतं, त्यावर अंगातलं घड्याळ चालतं. कधी मोडायचं याची खूण एक एन्झाइम करतं. तुझ्या अंगातलं जरा घाई करतं.”

“म्हणून संध्याकाळी सहालाच डोळे मिटतात?”

“हो. जन्मापासूनच आहे म्हणाले.”

“आणि तुम्ही आळशी म्हणत आलात! पोरीसमोरसुद्धा.”

“चुकलं माझं.”

“पोर सातला दमून घरी यायची, तर आई घोरतेय. ‘तुला माझं काही पडलेलंच नाही’ म्हणाली आणि गेली ती गेलीच. तिला आजच सांगा.”

“फोन उचलत नाही ती.”

“पुन्हा लावा. प्रथिनाचं सांगा.”

“हसेल ती.”

“हसू दे. निदान आवाज तरी ऐकू येईल.”

बाई तिच्याकडे वळल्या. “तुम्ही आमच्या लेकीच्याच वयाच्या. आईनं असं काही सांगितलं, तर माफ कराल?”

“केलं असतं,” ती म्हणाली.