घरी मुरलेली वडी

"अरे, आधी हुंगून बघ, मग घोट घे."

वीसेक वर्षांपूर्वी मोखाड्याच्या एसटी स्टँडवर ऐकलेला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मागच्या बाकावर बहीणभाऊ बसले होते, मध्ये दोन थर्मास.

"ताई, हा चिनी चहा. वडी थापून वर्षानुवर्षं मुरवतात. एक वडी मुंबईत शेठच्या कपाटात मुरली, दुसरी आपल्या घरी. कुठली सरस, ते आज शेठना सांगायचंय."

"बरोबर सांगितलंस तर?"

"चव घेणारा म्हणून कायम करतील."

"मग घे. हा मुंबईचा."

"हं. मऊ आहे. भिजल्या मातीसारखा."

"आता हा घरचा."

"वा! हा तर त्याहून गोड. जुन्या सागासारखा. घरचाच सरस, ताई."

"गोकुळ, थट्टा करतोस का माझी?"

"थट्टा कशाला?"

"अरे, सादळू नये म्हणून आईनं ती वडी पावसाळाभर चुलीवरच्या माळ्यावर ठेवली, सुक्या बोंबलांच्या टोपलीत! सकाळी मी तो चहा उकळला, तर शेजारची पोशी विचारत आली, कालवण कशाचं म्हणून. मला वाटलं, तू थुंकशील आणि आपण पोटभर हसू. तू वा म्हणतोस?"

"बस लागली, ताई."

"लागू दे. माझ्याकडे बघ आधी. काय झालंय?"

"भादव्यातल्या तापापासून मला वास येत नाही, चव कळत नाही. काल तू वाढलेली नागलीची भाकरसुद्धा मी नुसती चावली गं."