लाल रंगाचे चाळीस नंबर

...नाही, पण तुम्हीच सांगा, नंबरच टाकले होते ना मी? कुऱ्हाड चालवली होती का? तुम्हाला सांगते, युनिव्हर्सिटीत निसर्गसंवर्धन शिकायला निघाले तेव्हा आई म्हणाली, "झाडं वाचवायला डिग्री कशाला गं लागते? तोडू नका म्हणजे झालं!" हसू नका, बाईचं बरोबर होतं!

तर आमचा प्रकल्प. एका रस्त्यावरची चाळीस झाडं मोजायची, कुठलं आधी जपायचं ते ठरवायचं. तीन आठवडे उन्हात टेप घेऊन एकेका खोडाला मिठ्या मारल्या आणि सगळ्यात जुनं ते एक नंबर, मग दोन, असे लाल रंगात ठसठशीत आकडे काढले. तीन नंबरखाली एका शिंपीकाकांचं मशीन. ते म्हणाले, "पोरी, नंबर कशाला?" मी छाती फुगवून, "वाचवायला, काका!"

सोमवारी जाते तर काय... आकाश! नुसतं आकाश! एक ते बारा सपाट! मुकादम एका बुंध्यावर बसून निवांत चहा पितोय. मी किंचाळले, तर म्हणतो कसा, "ताई, रस्त्यासाठी बारा झाडं मंजूर होती. कोपऱ्यावरची बारकी. पण आमचा माणूस खुणा करायला आला, तर खुणा तयार! लाल रंग, ओळीनं आकडे... मग काय, एक ते बारा घेतली. सुरेख काम होतं हो, कुणी केलं?"

कुणी केलं! तोडायच्या झाडांवरही लाल नंबरच टाकतात, हे दोन वर्षांत एकानं तरी शिकवावं की नाही? नंबरच टाकले होते ना मी!

मॅडमकडे रडत गेले. त्या म्हणाल्या, "रडतेस काय? बुंधे आहेत ना? वर्तुळं मोज. उभ्या झाडाचं इतकं अचूक वय मिळतं का कधी?"

मग काय, बसले तीन नंबरपाशी, गुडघे टेकून, भिंग घेऊन. शेजारी काका छत्री बांधून भर उन्हात शिवतायत. मी माफी मागायला तोंड उघडलं की मशीन जोरात! नंबरच टाकले हो काका... कुठल्या तोंडानं म्हणू? मलाच माझी लाज वाटत होती. शेवटी त्यांनीच विचारलं, "किती निघालं?"

"एकशे छत्तीस वर्षं."

मशीन थांबलं. काका म्हणाले, "उरलेल्या अठ्ठावीसांचं वय अंदाजेच राहू दे." आणि नंबर पुसायला चिंध्यांचं गाठोडं पुढे केलं.

आठ दिवस घासतेय. रॉकेल झालं, टर्पेंटाइन झालं... निघत नाही हो! दुकानदाराशी हुज्जत घालून रंग मीच आणला होता ना, पाच वर्षांच्या हमीचा!